भिंतीतला अंगठा

टकटकमामाला चहाला बोलवायचं म्हणजे घरमालकाच्या जिवावर यायचं. कप हातात घ्यायच्या आधी हा माणूस उठणार, मधलं बोट वाकवून भिंतीवर टकटक करणार, कान लावणार आणि म्हणणार, "इथं गिलावा सुटलाय. आणि ह्या कोपऱ्यात आत वीट नाही, नुसता माल दडपलाय. कुणी बांधलं हो?" घरमालकाचा चहा तिथंच बेचव व्हायचा.

गवंडीकामाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. एकशे सव्वीस घरं, दोन शाळा आणि पाण्याची एक टाकी एवढं त्याच्या हातून उभं राहिलं. स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. त्या खोल्यांच्या भिंतीवर त्यानं राहायला आल्या दिवशी एकदाच टकटक केली होती. त्यानंतर तिथं पुन्हा कधी बोट लावलं नाही. दुखरा दात आपण जिभेनं चाचपायचा सोडून देतो ना, तसं.

त्याची आणखी एक खोड होती, ती फक्त बायकोला ठाऊक होती. घराचा सगळ्यात वरचा थर झाला, म्हणजे ज्याच्यावर आता छप्परच बसणार, की एका कोपऱ्यातल्या सिमेंटच्या ओल्या मालात तो उजव्या हाताचा अंगठा दाबायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा असताना, पहिली भिंत वर गेली त्या दिवशी त्याचा उस्ताद पाणी प्यायला खाली उतरला, आणि ह्याला वाटलं, बघू तरी ठसा किती दिवस टिकतो. एवढंच. पुढं छप्पर बसलं, ठसा झाकला गेला, आणि टिकला की नाही ते कळायचं राहूनच गेलं. मग प्रत्येक घरात दाबत गेला. सही येत नव्हती असं नाही बरं का. सही चांगली झोकदार होती, शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर जाईल अशी. पण घरावर सही करायला घर आपलं थोडंच असतं?

त्याची धाकटी लेक बांधकामाचंच शिकली. परगावी चार वर्षं एका कारखान्यात काम करून परत आली आणि जेवता जेवता म्हणाली, "बाबा, आता आपलं घर बांधायचं. जागा आपली पडून आहे, मी बांधणार."

टकटकमामाचा घास हातातच राहिला. "वीट कुठली आणणार? भट्टीवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं."

"वीट नाही."

"मग दगड?"

"दगडही नाही."

"मग काय, भिंतींऐवजी पडदे लावतेस?"

लेकीनं पिशवीतून एक तुकडा काढून ताटाशेजारी ठेवला. दोन बाजूंना लाकडाच्या भुशाच्या, दाबून केलेल्या फळ्या आणि मध्ये वीतभर जाड पांढरा, टणक फोम. तिन्ही एकमेकांना असे चिकटलेले की नख जाणार नाही.

"हे क्रीमचं बिस्किट," आई म्हणाली. "ह्याचं घर?"

"ह्याला पॅनल म्हणतात, आई. कारखान्यातून आख्खी भिंत कापून येते, खिडकीचं भोकसुद्धा पाडलेलं. आपण नुसती जोडायची. उन्हाळ्यात ऊन आत येत नाही, थंडीत ऊब बाहेर जात नाही. विजेचं बिल निम्म्याच्या खाली."

टकटकमामानं बोट वाकवलं आणि तुकड्यावर टकटक केली.

ठप्प.

पोकळ म्हणावं तर पोकळ नाही, भरीव म्हणावं तर भरीव नाही. त्यानं पुन्हा ठोकलं. कान लावला. उलटा करून ठोकलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा भिंत काय म्हणते ते त्याला कळलं नाही, आणि त्या क्षणी तो त्या तुकड्याच्या मागं लागला.

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. तुकडा बादलीत बुडवून ठेवला. फळी कडेला जरा फुगली, फोम जसाच्या तसा. दोन विटांवर आडवा ठेवून त्यावर उभा राहिला. मग बायकोला म्हणाला, "तूही ये गं वर."

"माझ्या वजनाची परीक्षा चाललीय की ह्याची?"

"ह्याची. तुझी कधीच झालीय."

दोघं उभी राहिली, तुकडा हलला नाही. मग त्यानं लेकीकडून आणखी उरलेले तुकडे मागून एक डबा केला आणि शेजारी विटांचा तेवढाच डबा रचला. दोन्हींत एक एक बर्फाचा खडा ठेवून भर दुपारी उन्हात ठेवले आणि स्वतः सावलीत स्टूल टाकून बसला. विटांच्या डब्यातल्या बर्फाचं तासाभरात पाणी झालं. पॅनलचा डबा त्यानं चार वाजता उघडला, तर खडा आत शाबूत. नुसता कडेनं गोल झालेला, चघळलेल्या गोळीसारखा. त्यानं तो उचलून तोंडात टाकला.

"अहो! उन्हातला बर्फ खाताय?"

"थंड आहे गं," तो म्हणाला, आणि रिकाम्या डब्यात पुन्हा डोकावला.

काम सुरू झालं. जोतं त्यानं स्वतः घातलं, तेवढं त्याच्या हक्काचं होतं. मग एका सकाळी ट्रक आला, क्रेन आली, आणि चार दिवसांत चारी भिंती आणि वर छप्पर उभं राहिलं. पहिल्या दिवशी टकटकमामा ओळंबा घेऊन धावला, "थांबा, थांबा, आधी सरळ आहे का बघू दे." भिंत सुतात होती. दुसरी बघितली. सुतात. तिसरी बघायला गेला तेव्हा क्रेनवाला वरून ओरडला, "मामा, वाकडी मिळाली तर मलाही दाखवा!" मामानं ओळंबा गुंडाळून खिशात घातला. भिंत वाकडी निघाली असती तर त्याला इतकं लागलं नसतं.

पण विचारणं थांबलं नाही. लेक दोन पॅनलांच्या सांध्यात सील भरायची. राखाडी, चिकट, बोटभर जाड रेघ, एकही इंच न सोडता. हा शेजारी उकिडवा बसायचा.

"एवढं कशाला दडपायचं?"

"बाबा, ह्या घरात भिंतीतून काही जात नाही. जे जातं ते सांध्यातून. एक सांधा उघडा राहिला की सगळं मुसळ केरात."

"आणि माणसानं श्वास कुठून घ्यायचा? डब्यात बसवतेस आईबापाला."

"ती पेटी बघितलीत ना माळ्याजवळची? ती शिळी हवा बाहेर टाकते, ताजी आत घेते. आणि जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देते."

"देते म्हणजे? हातात देते?"

मग लेकीला ती पेटी खोलून दाखवावी लागली. त्यानं आतल्या पातळ पातळ पत्र्यांमधून फुंकर मारून बघितली, एकदा इकडून, एकदा तिकडून. "हुशार आहे," म्हणाला. लेकीला नव्हे, पेटीला.

एक गोष्ट मात्र लेकीनं सगळ्यांना दहा वेळा बजावली होती. बाहेरच्या भिंतीला आणि छपराला तिला विचारल्याशिवाय कुणीही भोक पाडायचं नाही. खिळ्याचंसुद्धा नाही. आणि त्याला कारण होतं. गावातल्या मोठ्या दवाखान्याला आपल्या नर्सबायांसाठी चौदा घरं बांधायची होती. लेकीनं हेच काम मागितलं होतं. दवाखान्याच्या कमिटीचं म्हणणं होतं, आधी एक घर पुरं करून दाखवा, त्यात फटींतून किती हवा शिरते ते तपासून घ्या, आकडा दीडच्या आत आला तर काम तुमचं. शुक्रवारी बैठक. दीडच्या वर गेला तर विटांच्या कंत्राटदाराचा अर्ज तयारच होता. म्हणजे हे आईबापाचं घर नुसतं घर नव्हतं, लेकीची परीक्षेची उत्तरपत्रिका होती.

हे सगळं टकटकमामाला ठाऊक होतं. तरीही एका दुपारी, लेक खिडक्यांची मापं द्यायला गेलेली असताना, तो माळ्यावर चढला.

सांगायचं तर त्याच्या अंगठ्याला खाज सुटली होती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर, एकशे सत्ताविसावं, आणि त्यात ओला माल म्हणून नाही! जोत्यात दाबता आला असता, पण जोतं म्हणजे सुरुवात. अंगठा शेवटच्या थरात, छपराच्या खाली, हा नेम. त्यानं बारीक करवतीनं भिंतीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात चार बोटं चौरस तुकडा कापला, फोम खरवडून खोलगा केला, घमेल्याच्या तळाशी उरलेला माल त्यात थापला आणि अंगठा दाबला. वर माळ्याची फळी सरकवली. दहा मिनिटांचं काम. खाली उतरून हात धुतले आणि शीळ घालत ओटा घासायला बसला.

आपण भोक पाडलं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. भोक म्हणजे जे उघडं असतं ते. हे तर त्यानं भरलं होतं, आणि तेही मालानं.

तपासणीच्या दिवशी, गुरुवारी, एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी पुढचं दार काढून तिथं लाल कापडाची चौकट बसवली आणि त्यात भला मोठा पंखा. टकटकमामा त्यांच्या कोपराला कोपर लावून उभा.

"हा पंखा हवा आत टाकतो?"

"बाहेर ओढतो, काका. मग आत यायला हवा वाट शोधते. जिथं फट असेल तिथून घुसते. किती घुसली ते यंत्र सांगतं. आकडा दीड म्हणजे ह्या जोरानं ओढलं तरी घरातली हवा तासाभरात दीड वेळाच बदलते."

"म्हणजे घराला चूळ भरायला लावायची आणि दात कुठं हलतायत ते बघायचं."

तपासनीस बाई हसल्या. "तसंच काहीतरी."

पंखा घरघरला. कापड आत फुगलं. लेक हाताची घडी घालून यंत्रासमोर उभी होती. आकडा वरखाली झाला आणि स्थिरावला.

एक पूर्णांक सात.

लेकीनं घडी सोडली, पुन्हा घातली. "शक्य नाही," ती म्हणाली. "सगळे सांधे मी स्वतः भरलेत."

"शोधू या," बाई म्हणाल्या. "फट सापडली की बुजवायची आणि पुन्हा मोजायचं. पण प्रत्येक फट ह्या कागदावर कारणासकट लिहावी लागते. सांधा राहिला, नळाचं काम, वायरिंगचं काम, जे असेल ते. कमिटी तेही वाचते." त्यांनी धुराची एक छोटी नळी काढली आणि लेकीच्या हातात दिली.

एकाच नळीनं आख्खं घर हुंगायला दिवस गेला असता. टकटकमामा म्हणाला, "मी हातानं बघतो." पंजा ओला करून भिंतीवरून फिरवला, आणि त्याला काहीच लागेना. चाळीस वर्षं सिमेंट खाल्लेले तळवे, त्यांना वाऱ्याची झुळूक कसली कळते? तो क्षणभर हाताकडे बघत राहिला. मग नळाखाली गाल ओला केला आणि तो भिंतीला लावला.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी माझ्याकडं असं गाल घेऊन आला नाहीत. आणि भिंतीला पापी देताय."

"गप गं, गार लागतंय इथं!"

न्हाणीघरात, नळ भिंतीतून येतो तिथं, गालाला बारीक गारवा लागला. धूर नेऊन बघितला तर धूर आत वाकडा झाला. लेकीनं फट बुजवली. स्वयंपाकघरातल्या स्विचच्या डब्यामागं दुसरी सापडली. बाईंनी दोन्ही लिहून घेतल्या आणि पुन्हा मोजलं. एक पूर्णांक सहा.

आता टकटकमामाला चेव चढला. लेकीची परीक्षा, दवाखाना, कमिटी, सगळं विसरून तो त्या एका झुळकीच्या मागं लागला. हवा येतेय आणि सापडत नाही म्हणजे काय? गाल ओला करायचा, लावायचा, सरकायचा. दर थोड्या वेळानं आरोळी, "खिडक्या शाबूत!" "कोपरा शाबूत!" लेक त्याच्या मागं धूर घेऊन. शिडी लावून तो माळ्यावर चढला, लेक खाली शिडी धरून.

आणि तिथं लागली. सुईच्या दोऱ्यासारखी गार रेघ, थेट गालावर.

"सापडली!" तो ओरडला. "अगं काय सुसाट येतेय! इथंच आहे, फळीच्या मागं..." त्यानं फळी बाजूला केली.

मालाचा चौकोन वाळून आक्रसला होता. चारी बाजूंनी फोमपासून सुटला होता, हिरडीपासून दात सुटावा तसा. आणि वरच्या कडेला, जिथं भिंत छपराला भेटते, तिथली लेकीनं भरलेली राखाडी रेघ त्याच्याच करवतीनं चांगली बोटभर कापली गेली होती. मधोमध त्याचा अंगठा.

"बाबा? काय आहे?"

त्याचा हात खिशाकडं गेला. खिशात सीलची नळी होती, लेकीनंच दिलेली. भसकन भरून टाकलं असतं तर आकडा उतरला असता. कुणाला दिसलंही नसतं. खाली तपासनीस बाई लेखणी उघडून विचारत होत्या, "काय लिहू? छपराचा सांधा राहिला?"

आणि लेकीचा आवाज आला, एकदम बारीक झालेला. "लिहा. माझ्याकडून राहिला असेल."

"राहिला नाही!" टकटकमामा वरूनच गरजला. "तिचा एक सांधा राहिलेला नाही. मी कापलाय. ये वर. बघ."

लेक वर आली. दोघांना मिळून माळ्यावर जागा कमी, गुडघ्याला गुडघा लागलेला. तिनं टॉर्च मारला.

"हा तुमचा अंगठा आहे?"

"हो."

"इथं काय करतोय?"

"एकशे सत्ताविसावं," तो म्हणाला. आणि जे फक्त बायकोला ठाऊक होतं ते त्यानं सांगितलं, अडखळत, भिंतीकडे बघत.

पंखा खाली घरघरत होता आणि लेकीच्या कपाळावरची बट त्या फटीतल्या वाऱ्यानं हलत होती.

"शाळेतही?" तिनं विचारलं.

"दोन्ही शाळांत."

"माझ्या वर्गात कुठं?"

"फळ्याकडं तोंड केलं की डाव्या हाताचा कोपरा. पंख्याच्या वर."

"तिथंच बसायचे मी," ती म्हणाली. मग तिला आपण चिडायचं राहिलंय हे आठवलं. "बाबा, मी दहा वेळा सांगितलं होतं भोक पाडायचं नाही! दहा वेळा! नळवाल्यानं ऐकलं, वायरमननं ऐकलं. आणि तुम्ही?"

"मला ते भोक वाटलं नाही गं."

"मग काय वाटलं?"

"ह्या फोमला माल धरत नाही, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आता माहीत झालं."

लेकीनं छिन्नी लावायच्या आधी तो चौकोन बोटानं हलवून बघितला. तो अलगद आख्खा हातात आला. तिनं तो बापाच्या हातात ठेवला, फोमचा तुकडा मापात कापून खोलग्यात बसवला, कापलेली रेघ दोन्हीकडून जोडून घेतली, वर सील भरलं, फळी स्क्रूनं आवळली. सगळं त्याच्या नाकासमोर. आपण शिकाऊ असताना उस्ताद आपली भिंत पाडून परत रचायचा, ते त्याला आठवत होतं.

खाली बाईंनी विचारलं, "कारण काय लिहू?"

"मिस्त्रीचा अंगठा," लेक म्हणाली.

"असं लिहिता येत नाही हो."

"खरं आहे ते लिहा ना," टकटकमामा म्हणाला. "अंगठा माझा, करवत माझी. मुलीच्या नावावर नको."

बाईंनी डोकं खाजवलं आणि लिहिलं: मिस्त्रीनं न विचारता पाडलेलं भोक. त्यानं वाचून बघितलं आणि मान डोलावली.

पंखा पुन्हा सुरू झाला. ह्या वेळी टकटकमामा यंत्राजवळ गेला नाही. ओल्या गालानं अंगणात उभा राहिला, मालाचा चौकोन मुठीत धरून. बायकोनं दारातल्या लाल कापडाकडं बघत विचारलं, "किती हवा असतो आकडा?"

"दीडच्या आत."

आतून लेकीची हाक आली. पहिली हाक आईला होती, दुसरी बापाला.

एक पूर्णांक चार.

कागदाच्या तळाशी दोन ओळी होत्या. एक तपासणाऱ्याची, एक फटी शोधणाऱ्याची. बाईंनी दुसरी ओळ टकटकमामापुढं सरकवली. "तिन्ही तुम्हीच शोधल्यात. घराच्या मीटरशेजारी ह्या कागदाची प्रत चिकटवतात." त्यानं लेखणी घेतली आणि अशी सही ठोकली की शेवटच्या अक्षराची शेपटी बाईंच्या ओळीत शिरली. त्यांना त्यांची सही कोपऱ्यात उरकावी लागली.

शुक्रवारी कमिटीतल्या एकानं तो कागद वाचून विचारलं म्हणे, "स्वतःच्याच मिस्त्रीची चूक लिहून आणलीत?" लेक म्हणाली, "त्यानंच शोधली." चौदा घरं तिला मिळाली, आणि त्या कामावर गाल ओला करून फिरणारा एक माणूस पगारावर ठेवला गेला. त्याच्या हाती करवत द्यायची नाही, असं लेकीनं सुताराला वेगळं सांगून ठेवलं.

पण गुरुवारचं थोडं राहिलंच. बाई पंखा गुंडाळत होत्या तेव्हा टकटकमामानं त्यांना थांबवलं होतं. "एक विचारू का? आमच्या भाड्याच्या घराला हा लावला तर? पलीकडच्या गल्लीत आहे. नुसतं बघायला."

बाई भल्या होत्या. गेल्या. त्या दोन खोल्यांच्या दारात लाल चौकट बसली, पंखा घरघरला, वाढला, किंचाळायला लागला. कापड काही फुगेना. यंत्रावर आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या.

"ह्याचा अर्थ काय?" त्यानं विचारलं.

"ह्याचा अर्थ मोजता येत नाही, काका. घराला ताण बसतच नाहीये. जितकी हवा ओढावी तितकी येतेय."

बायको चुलीपाशी उभी राहून पदर सावरत होती. "तीस वर्षं सांगतेय मी, वारा येतो, वारा येतो. तर म्हणे तुला भास होतो."

टकटकमामा भिंतीजवळ गेला. खिशातला मालाचा चौकोन चाचपला, बोट वाकवलं आणि तीस वर्षांनी त्या भिंतीवर टकटक केली. मग तसाच पुढच्या कोपऱ्याकडं सरकला, कान लावून.